चार बोटांचा बेडूक

आमचं घर जनावरांच्या दवाखान्याच्या आवारातच होतं. अमरावतीच्या त्या बाजूला तेव्हा वस्ती विरळ होती. दवाखान्याच्या मागच्या कुंपणापलीकडे थेट तुरीचं वावर लागायचं. बाबा दवाखान्यात ड्रेसर होते. डॉक्टर बदलून जायचे, नवे यायचे, बाबा मात्र तिथेच, जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, खोड्यात अडकवलेल्या बैलाशी बोलत बोलत त्याचा पाय उचलून धरणं, हे त्यांचं काम. सकाळी डोळा उघडायचा तो गाईच्या हंबरण्यानं, नाही तर खोड्याच्या लाकडावर आपटणाऱ्या खुरांनी. फिनाईल, शेण आणि टर्पेंटाइन यांचा मिळून एक वास होता. तो आमच्या अंथरुणाला होता, कपड्यांना होता, माझ्या वेण्यांनाही होता म्हणे. शाळेत शेजारी बसणारी मुलगी कधी कधी नाक मुरडायची. मला तो वास कधी आलाच नाही. आता मात्र कुठे फिनाईलनं फरशी पुसत असले की मी उगाच दोन पावलं थांबते, आणि सोबतचा नातू विचारतो, आजी, काय झालं?

मी एका जागी बसणारी पोर नव्हते. जेवताना पाय हलवायचा, अभ्यास करताना उठून दारात जायचं, दारातून हौदावर, हौदावरून परत घरात. माय म्हणायची, "हिले जमिनीचे चटके बसते का काय बाप्पा!" ती स्वतःही काही कमी नव्हती. चुलीवर भाकर टाकून ती तेवढ्यात अंगण झाडून यायची, आणि भाकर करपायच्या आत परतही यायची. आमच्याकडे सकाळी ज्वारीच्या कण्या आणि ताक, संध्याकाळी भाकर आणि जे असेल ते: अंबाडीची भाजी, वांगं, पातोडीचा रस्सा कधी कोणी पाहुणा आला तर. बाबा जेवताना बोलत नसत. त्यांच्या नखांच्या कडांना टिंचरचा पिवळा डाग कायम असायचा, आणि त्या हातानं ते भाकरीचा तुकडा इतका नीट मोडायचे की कडा सरळ दिसायची. हे मी तेव्हाही पाहत होते. का पाहत होते ते मात्र कळायला वेळ लागला.

नववीत मी शास्त्र घेतलं तेव्हा मायनं ट्रंकेच्या तळातून एक पुस्तक काढून दिलं. प्राणिशास्त्राचं जुनं शालेय पुस्तक, जाड पुठ्ठ्याचं, पाठीवरचं कापड निघालेलं. आमच्या शाळेत तोवर दुसरं, नवं पुस्तक लागलं होतं. पण नव्या पुस्तकातले प्राणी मेलेले वाटायचे. ह्यातले जिवंत होते. आकृत्या शाईच्या, बारीक रेघांच्या, आणि सावली म्हणून रेघा न मारता ठिपके, ठिपक्यांवर ठिपके, पोटाकडे दाट आणि पाठीकडे विरळ. सरडा मान वर करून कोणाकडे तरी संशयानं पाहत होता. कबुतराच्या गळ्यापाशी पिसं फुगलेली, जणू आत्ताच घुमून थांबलंय. झुरळाची एक मिशी पानाच्या चौकटीबाहेर गेलेली होती आणि कोणीही ती आत घेतली नव्हती. पहिल्या पानावर लेखकाचं नाव होतं, ग. वा. उमरीकर, अकोला, आणि खाली बारीक टाइपात 'आकृत्या : लेखक'.

"कोणाचं आहे वं हे?" मी विचारलं.

"आहे घरातलंच," माय म्हणाली. "वाच. पण बाबासमोर उघडू नको."

"कावून?"

"सांगतलं तेवढं कर ना."

मी तेवढं केलं, पण पूर्ण नाही. एकदा बाबा अचानक घरात आले तेव्हा पुस्तक माझ्या मांडीवर उघडं होतं. त्यांनी पाहिलं, पाणी प्यायले आणि बाहेर गेले. त्या दिवशी दवाखान्यात त्यांनी एका गुराख्याला उगाच झापलं, तेही इतकं की डॉक्टर बाहेर येऊन पाहू लागले. मी दोन्ही गोष्टी जोडल्या नाहीत. एवढंच माहीत होतं की बाबांना चित्रांचं वावडं आहे. शाळेतून भारताचा नकाशा काढून आणायला सांगितला आणि मी त्यांच्याकडे गेले, तर ते म्हणायचे, "मले नाई येत." पेन्सिल हातातसुद्धा घ्यायचे नाहीत.

तर, बेडूक. त्या पुस्तकातला बेडूक सगळ्यात सुंदर होता. बाजूनं बसलेला, मागचा एक पाय जरासा सैल सोडलेला, उडी मारायची की नाही हे ठरवत असलेला. मी तो जर्नलमध्ये उतरवला. तीन दिवस लागले. एका जागी न बसणारी मी त्या बेडकापुढे तीन दिवस बसले, मायनं कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं. शास्त्राच्या बाईंनी जर्नल पाहिलं आणि लाल पेन्सिलीनं मागच्या पायावर आडवी रेघ मारली. बेडकाच्या मागच्या पायाला पाच बोटं असतात, तू चार काढलीस. वर्गासमोर वही वर धरून दाखवली. मी म्हटलं, पुस्तकात चारच आहेत. बाई म्हणाल्या, कोणत्या पुस्तकात? मी वहीसाठी हात पुढे केला.

घरी येऊन मी दप्तर फेकलं आणि हौदावर गेले. आमच्या हौदाखाली ओल असायची, तिथे बेडूक असायचेच. एक धरला, मोजली. पाच. दुसरा धरला. पाच. चार बेडकांची बोटं मोजली आणि मला रडूच आलं. चूक माझी असती तर मी रडले नसते. ज्याच्यावर एवढा जीव टाकला त्या पुस्तकानं मला फसवलं होतं. त्याच तिरमिरीत मी पत्र लिहिलं. पुस्तकात पत्ता होता, अकोला, मोर्णा नदीच्या पुलापलीकडचा. 'आपल्या बेडकाच्या मागच्या पायास चारच बोटे आहेत. त्यामुळे माझी आकृती कापण्यात आली. आपण शिक्षक आहात तर बेडूक एकदा तरी नीट मोजायला हवा होता. आपली, कु. विशाखा का. तायडे.' पंधरा वर्षांच्या मुलीनं लिहावं असं ते पत्र नव्हतं. पेटीत टाकलं आणि पेटीपासून घरापर्यंत मी पळत आले.

उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. आलं ते पोस्टमननं दवाखान्यात बाबांच्या हातात दिलं. दुपारी बाबा घरी आले, कार्ड माझ्यापुढे धरलं. 'चि. विशाखास आशीर्वाद. इतक्या वर्षांत बोटे मोजणारी तू पहिलीच. चूक आहे, पण तिची हकिगत आहे. अकोल्यास येणे झाले तर जरूर भेट. ग. वा. उमरीकर.' अक्षर थरथरत्या हाताचं होतं.

"तुनं लिवलं होतं त्याले?" बाबांनी विचारलं.

"हो."

"जाचं नाई तिथं."

"कावून पण, बाबा?"

"जाचं नाई म्हणजे नाई."

त्यांनी कार्ड भिंतीतल्या देवळीत ठेवलं आणि न जेवताच परत गेले. त्यानंतरचे काही दिवस घरात असे गेले की कोणी भांडत नव्हतं आणि कोणी नीट बोलतही नव्हतं. बाबा सुटीच्या दिवशी सायकल उघडून पुसायचे, जोडायचे, पुन्हा उघडायचे. माय एकच भांडं दोनदा घासायची. मी दारात आणि दारातून हौदावर. ते कार्ड देवळीत आहे, एवढंच डोक्यात.

दिवाळीच्या सुटीत मी मावशीकडे अकोल्याला गेले. मावसे जिनिंगमध्ये कामाला होते. सरकीचा वास, कापसाच्या गाड्यांची रांग, बैलांच्या घंटा, पहाटेपासून भोंगा. मावशीला सांगितलं, शाळेच्या कामासाठी एका सरांना भेटायचंय. मावशीला शाळेचं काम म्हटलं की प्रश्न विचारायची सवय नव्हती. तिनं मला पुलापर्यंत सोडलं.

उमरीकर सर ओसरीवर खुर्चीत बसले होते. उंच, वाळलेले, पायावर शाल. उजवा हात मांडीवर ठेवला तरी तो आपला आपणच हलत होता. मी नाव सांगितल्यावर ते इतके खुलून हसले की मी पत्रात काय काय लिहिलं ते आठवून मान खाली घातली. सुनेनं पोहे आणले. सरांनी शाळेची चौकशी केली, बाईंनी रेघ कशी मारली ते पुन्हा सांगायला लावलं, आणि मग मध्येच म्हणाले, "तायडे. मूळचे तुम्ही कुठले?"

"भातकुलीकडचे."

ते जरा पुढे वाकले. "भातकुलीचा कचरू तायडे तुझा कोण?"

मी आठवून पाहिलं. आमच्या भावकीत सगळी नावं मला पाठ होती. "असं कोणी नाही आमच्यात," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की, सर."

ते मागे टेकले. चेहऱ्यावरचं ते हसू गेलं ते पुन्हा आलं नाही. मी बोटाची हकिगत विचारली, तर म्हणाले, "ती सांगायचा अधिकार दुसऱ्याचा आहे, बाळ. मला वाटलं होतं, त्याच्याकडूनच आलीस." आणि सुनेला म्हणाले की पोरीला पुलापर्यंत पोचव. मी परत निघाले ती चरफडतच. भेट झाली आणि काहीच कळलं नाही.

अमरावतीला परतले तेव्हा माय अंगणात बाजेवर जुनं लुगडं अंथरून मूगवड्या घालत होती. मीही हात धुऊन बसले. चार वड्या घातल्या आणि विचारलं, "माय, कचरू तायडे कोण?"

तिचा हात वाटणातच थांबला. "हे नाव कोणं सांगतलं तुले?"

"उमरीकर सरांनी इचारलं."

"तू गेलती तिथं?" मी पुढची वडी घातली. "अन् तू काय म्हटलं?"

"म्हटलं, आमच्यात असं कोणी नाई."

माय बाजेच्या कडेला टेकली. ओल्या हातानंच तिनं कपाळावरचे केस मागे केले, वाटण कपाळाला लागलं. "अवो माय वं," ती म्हणाली. "तू तुह्या बापालेच नाई म्हणून आली पोरी."

मग तिनं सांगितलं, वड्या घालता घालता, माझ्याकडे न पाहता. बाबांच्या आधीची तीन भावंडं गेली होती, म्हणून आजीनं ह्यांना उकिरड्यावर ठेवून उचललं आणि नाव कचरू ठेवलं. पुढे घरादारानं दीक्षा घेतली तेव्हा बाबांनी नाव बदलून काश्यप केलं, नोकरीच्या कागदांवर तेच लावलं, आणि जुनं नाव घरात कोणी उच्चारायचं नाही असं ठरलं. पण त्याआधी, सतरा-अठराव्या वर्षी, ते अकोल्याला उमरीकर सरांच्या शाळेत प्रयोगशाळेत कामाला होते. बेडूक, सरडे धरून आणायचे, बरण्या धुवायच्या, फळा पुसायचा. एक दिवस सरांनी पाहिलं की हा पोरगा फळा पुसायच्या आधी त्यावरची आकृती दुरुस्त करतो आणि मग पुसतो. सरांनी त्यांना टाक आणि शाई आणून दिली. दोन वर्षं बाबांनी त्या पुस्तकाची चित्रं काढली, शाळा सुटल्यावर, रविवारी, सुटीत. नाव टाकीन असं सर बोलले होते. पुस्तक छापून आलं, बाबांनी पहिलं पान उघडलं, आणि त्यावर तेच होतं जे मी इतके दिवस वाचत आले होते, 'आकृत्या : लेखक'.

"मंग?" मी म्हटलं.

"मंग काय. आले निघून. त्यातलं एक पुस्तक तेवढं सोबत आणलं. फेकून देत होते, मीनं ठेवलं."

मला काय झालं ते आज नीट सांगता येत नाही. अभिमान वाटायला हवा होता. वाटला तो राग, आणि तोही सरांचा कमी, बाबांचाच जास्त. संध्याकाळी ते हातपाय धुऊन ताटावर बसले आणि मी त्यांना सरळच विचारलं, "ते चित्रं तुमचे आहेत ना?"

त्यांनी मायकडे पाहिलं. "मी सांगतलं," माय म्हणाली.

"तुमी भांडले कावून नाई?" मी म्हटलं. "एवढं केलं अन् नुसते निघून आले?"

"भांडलो," बाबा म्हणाले. "तुले काय वाटते, भांडलो नाई? त्यायनं म्हटलं, हे तू काढलं म्हणून कोण मानीन? कोणाले इचारशीन?"

"मंग तिथंच दुसरं काढून दाखवाचं होतं त्यायच्या तोंडावर!"

"मी म्हटलं, आता ह्या हातानं रेघ काढणार नाई."

"म्हणजे तुमीच हरले," मी म्हणाले. "त्यायनं नाव घेतलं, अन् हात तुमी सोतानंच देऊन टाकला."

मायनं माझ्या पाठीत धपाटा घातला. बाबा मात्र रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते ताटावरून उठले, अर्धी भाकर तशीच, आणि गोठ्याकडे गेले. त्या गोठ्यात पोट फुगलेली एक कालवड दाखल होती. बराच वेळ त्यांचा तिच्याशी बोलण्याचा आवाज येत राहिला. काय बोलत होते ते ऐकू आलं नाही. माझ्याशी ते चार दिवस बोलले नाहीत.

त्या चार दिवसांत मी दुसरं पत्र लिहिलं. ह्या वेळी दोनच ओळी. 'कचरू तायडे माझे वडील आहेत. त्या दिवशी मला माहीत नव्हते.' आणि सही.

उत्तर माझ्या नावे आलं नाही. 'श्री. तायडे यांस' असं वर होतं. बाबांनी ते ओट्यावर उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग मायला मोठ्यानं वाचून दाखवलं. 'प्रकृतीमुळे मला प्रवास होत नाही, नाहीतर मीच आलो असतो. तुमच्याशी बोलायचे राहिले आहे. एकदा यावे.'

"यावे म्हणते," बाबा म्हणाले. "तेव्हा 'ये रे' म्हणे."

माय म्हणाली, "जाता का मंग?"

"कायले?" ते म्हणाले आणि कार्ड खिशात घातलं. शनिवारी त्यांनी डॉक्टरांकडे दुसऱ्या दिवसाची सुटी मागितली, पांढरा सदरा मायला इस्त्रीला द्यायला सांगितला, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तूबी चाल. तुनंच सुरू केलं हे."

बडनेरा, मूर्तिजापूर करत एसटी अकोल्याला पोचेपर्यंत ते खिडकीशी बसून होते. मी चुळबूळ करत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा मला दिसलं की बाबांचाही गुडघा हलतोय, सारखा, माझ्यासारखाच. अकोल्यात उतरल्यावर त्यांनी कोणाला रस्ता विचारला नाही. पूल ओलांडल्यावर मात्र थांबले, रुमालानं चपला पुसल्या.

सर ओसरीवरच होते. बाबांना पाहून ते उठू लागले, काठी सापडेना, मी ती पुढे केली. ते उभे राहिले. बाबा पायरीशी थांबले आणि त्यांच्या तोंडून जुन्या सवयीनं निघून गेलं, "नमस्ते सर." मग ते दाराशेजारी, जिथे चपला काढतात तिथेच, खाली बसू लागले. गुडघे वाकलेसुद्धा. मला अजूनही ते वाकणं दिसतं. मी त्यांचा सदरा मागून धरला. सर म्हणाले, "खुर्चीवर बसा. तुम्ही बसल्याशिवाय मी बसणार नाही." बाबा बसले, खुर्चीच्या कडेवर.

मग सरांनी विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" बाबा म्हणाले, "चांगली आहे." सर म्हणाले, "तो बेडूक. चार बोटांचा. मला चिडवायला काढला होतास ना?"

"नाई," बाबा म्हणाले. "त्याले चारच होते. टाकीच्या जाळीत अडकून एक तुटलं होतं. तुटल्याचा खुंटबी काढला होता मी, छपाईत बुजला."

"मी तुला सांगितलं होतं, पाचवं काढ. पुस्तकात सगळ्या बेडकांचा मिळून एक बेडूक लागतो."

"मंग तसा बेडूक आणून द्याचा होता," बाबा म्हणाले. "मले जो देला तो मी काढला."

सर हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. त्यांनी आत हाक मारली. मुलगा आणि सून दोघं दारात आली. मुलगा बँकेत असावा. रविवारीसुद्धा त्याच्या खिशाला पेन होतं. सर त्या दोघांना म्हणाले, "माझ्या पुस्तकातली चित्रं ह्यांची आहेत. सगळीच्या सगळी. प्रकाशकानं मला विचारलं होतं, चित्रं कोणाची म्हणून. मी म्हटलं, माझी. कोणी दबाव आणला नव्हता. मला वाटलं, प्रयोगशाळेतल्या पोऱ्याचं नाव पुस्तकावर बरं दिसणार नाही. आणि पुस्तकाचं कौतुक झालं ते चित्रांचंच झालं, मग मागे फिरता येईना."

"बाबा, आता हे कशाला?" मुलगा म्हणाला. "पुस्तक बंद होऊनही किती वर्षं झाली."

"कपाटात उरलेल्या प्रती आहेत. त्या आण," सर म्हणाले.

मुलगा उभाच राहिला. सूनच आत गेली आणि दोरीनं बांधलेला गठ्ठा घेऊन आली. बावीस-तेवीस पुस्तकं असावीत. सरांनी पहिलं उघडलं, गुडघ्यावर ठेवलं, 'आकृत्या : लेखक' यातल्या 'लेखक'वर रेघ मारली आणि हळूहळू, एकेक अक्षर पकडून आणल्यासारखं, लिहिलं, कचरू तायडे. पुस्तक बाबांकडे वळवलं.

बाबांनी वाचलं. मला वाटलं, झालं. त्यांचा चेहरा तसाच होता. "हे नाव नाई," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"माझं नाव काश्यप आहे."

सर गोंधळले. "पण तेव्हा तर तू... तेव्हा तुम्ही कचरूच होता. मी त्याच नावानं ओळखतो. चित्रं काढली तेव्हा—"

"तेव्हा तुमी लिवलं नाई," बाबा म्हणाले. आवाज चढवला नाही. "आता लिवून राहिले तं आता जे आहे ते लिवा."

सरांनी मान हलवली आणि लिहिलेलं खोडायला पेन टेकवलं. बाबा म्हणाले, "त्याच्यात खाडाखोड झाली. दुसरं पुस्तक घ्या."

सरांनी दुसरं घेतलं. काश्यप तायडे. मग तिसरं. हात इतका हलत होता की दर अक्षराला पेन उचलून पुन्हा जागेवर आणावं लागत होतं. मी शेजारी बसून एकेक पुस्तक उघडून पुढे करत होते आणि शाई वाळेपर्यंत धरून ठेवत होते. सातव्या-आठव्या पुस्तकाला सरांच्या कपाळावर घाम आला. मुलाला राहवलं नाही. तो पुढे आला. "द्या बाबा, बाकीच्यांवर मी लिहितो. नाव कळलं मला."

"नाई," बाबा म्हणाले. "त्यायनंच लिवावं."

मुलगा तांबडालाल झाला. सर त्याला म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. तू बस." आणि पुढचं पुस्तक मागितलं.

दुपार त्यातच गेली. सुनेनं चहा आणला, तो घेतला, पुन्हा लिहिणं सुरू. मला तिथून उठून पळावंसं वाटत होतं. म्हाताऱ्याचा तो हात बघवत नव्हता, आणि बाबांचं ते न हलता बघत बसणंही. मीच ताटावर त्यांना हरले म्हणाले होते. आता ते हरत नव्हते, आणि मला ते सोसत नव्हतं. पुढे मी स्वतः पंचवीस-तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, हजारो जर्नलं तपासली, आणि त्या दुपारी बाबांनी एवढं कठोर व्हायला हवं होतं का, हा प्रश्न मी स्वतःला कितीदा तरी घातला. उत्तर दर वेळी वेगळं येतं. ते काही का असेना, शेवटच्या पुस्तकावर लिहून झालं तेव्हा बाबा उठले, सरांच्या बोटांत आखडलेलं पेन त्यांनी हळूच सोडवलं, आणि तो हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन मनगटापासून बोटांपर्यंत चोळू लागले, जसा ते जनावराचा आखडलेला पाय चोळायचे तसा, अंगठा दाबत दाबत. सरांनी डोळे मिटून घेतले. हात सैल पडेपर्यंत बाबा चोळत राहिले.

पुस्तकं सर अकोल्यातल्या शाळांना वाटणार होते. बाबांनी त्यातलं एकच घेतलं. कोणती नवी आवृत्ती निघाली नाही, कुठे काही छापून आलं नाही, आणि सर पुढच्या उन्हाळ्यात गेले. बाबांनी त्यानंतर चित्रं काढायला घेतली असं मला इथे लिहायला आवडलं असतं. त्यांनी घेतली नाहीत. बोललेला शब्द त्यांनी शेवटपर्यंत पाळला, मला आवडो न आवडो. त्या दिवशीही एसटीत ते माझ्याशी फार बोलले नाहीत. मूर्तिजापूरला खाली उतरून त्यांनी माझ्यासाठी पेरू आणले, एक पुसून माझ्या हातात दिला, एवढंच.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. माय दारातच उभी होती, पदराला हात पुसत. चुलीवर तवा रिकामाच तापत होता. बाबांनी हौदावर हातपाय धुतले, सदरा काढून खुंटीला लावला आणि ताटावर येऊन बसले. मायनं भाकर वाढली. तिला धीर निघेना.

"मंग? काय केलं त्यानं?"

"नाव लिवलं," बाबा म्हणाले.

"कोणतं?"

बाबांनी भाकर मोडली. "माझं."